बोर्ड गेलाच नव्हता: जुन्या भागांतून संगणक जोडताना

एकोणीस दिवस. बाकी सगळं जोडकाम दोन संध्याकाळांत झालं आणि एका मदरबोर्डासाठी, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीसाठी, तालुक्याच्या बाजारातल्या दुकानात मी एकोणीस दिवस खेपा घातल्या. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून काढते.

मी शिवणकाम करते. मालवण-देवगडच्या मधल्या किनारपट्टीवर आमचं घर, समुद्र हाकेवर. लेक पॉलिटेक्निकला गेली आणि तिला संगणक हवा झाला. नव्याची किंमत ऐकून आमचे हे गप्पच झाले. घरात २०११ साली घेतलेला एक संगणक होता, पेंटियम जी ६२० प्रोसेसरवाला. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. चालायचा, पण चालू करून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. गेल्या गणपतीला मुंबईहून माझे दीर आले. त्यांच्या ऑफिसात जुनी मशीनं मोडीत काढली होती, त्यातला एक आय ५-३४७० प्रोसेसर त्यांनी मागून घेतला होता. म्हणाले, "वयनी, दोघांचो सॉकेट एकच, ११५५. बसतलो." सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा.

बसला. दिरांनी जुना काढला, वाळून खडू झालेली, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट पुसली, नवी लावली, पंखा दाबून बसवला. चालू करून बघता आलं नाही, कारण जुना एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, मी आधीच बाजूला काढला होता. आतले दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते आणि पंख्याच्या जाळीत पाल मरून वाळली होती. जुन्यातलं काहीही वापरा, पण एसएमपीएस नवाच घ्या. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कधी खाली तर कधी वर, त्यात तो फुटला तर बाकीच्यांनाही घेऊन जातो.

दीर मुंबईला परतले. मी दुकानातून नवा एसएमपीएस आणि २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे साठवणीची वेगवान डिस्क, आणली. दुकानदार म्हणाला, जुना प्रोसेसर देत असाल तर दोनशे कमी करतो. दिला. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते. नवा प्रोसेसर पडद्यावर काहीतरी दाखवेपर्यंत जुना हातातून सोडायचा नाही.

घरी सगळं जोडलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. बीपसुद्धा नाही. रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासले. खाऱ्या हवेत त्यांच्यावर मळकट थर बसतो आणि निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. पण इथे काही फरक नाही. रॅम एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावली. बायोस म्हणजे बोर्डातच साठवलेला, चालू होताना सगळ्यात आधी धावणारा प्रोग्राम, त्याची बॅटरी काढून पुन्हा घातली. काळाच. ३ सप्टेंबरला बोर्ड टॉवेलात गुंडाळला, शिवणाच्या पिशवीत घातला आणि एसटीने दुकानात नेला.

"ठेवन जावा, बघतंय."

चार दिवसांनी गेले, तर हात लावलेला नव्हता. पुढच्या खेपेला म्हणाला, "आमचो माणूस म्हाळाक गेलोहा, उद्या येवा." पितृपक्ष होता, म्हटलं असेल. पण त्या माणसाचे म्हाळ काही संपेनात. बरं, फोन केला तर उचलायचा नाही, आणि समोर गेलं की "आत्ताच तुमचाच बघी होतंय." शेवटी निकाल आला, "वयनी, बोर्ड गेलो. पिन वाकल्यो. आता नवोच घेवचो लागतलो." म्हणजे जुन्या प्रोसेसरला चालणारा जुनाच बोर्ड, पण त्याच्या दुकानातला, अडीच हजाराला.

पिना वाकल्या म्हटल्यावर मला राहवेना. या जातीच्या प्रोसेसरला खाली नुसते सपाट ठिपके असतात, पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात, केसासारख्या बारीक, अकराशे पंचावन्न. माझ्या पर्समध्ये सुईत दोरा ओवायचं भिंग असतं. तिथेच, त्याच्या काउंटरवर, बॅटरीच्या उजेडात मी सॉकेट बघितलं. कापडाची वीण बघणारे माझे डोळे आहेत, एक धागा तिरका गेला तर कळतो. एकही पीन वाकडी नव्हती. मी तसं सांगितलं, तर तो हसला. मला राग आला तो त्या हसण्याचा.

त्या रात्री लेकीने मोबाइलवर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आमच्या मॉडेलचं पान उघडलं. मॉडेलचं नाव बोर्डावरच छापलेलं असतं, शेजारी रिव्हिजनचा आकडाही, तो बघायला विसरू नका. त्या पानावर कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो याची यादी होती. आय ५-३४७० होता यादीत, पण पुढच्या आवृत्तीपासून. आमचा बोर्ड २०११ चा, एच ६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप). हा प्रोसेसर २०१२ च्या पिढीतला. सॉकेट एक असलं तरी बोर्डातल्या जुन्या बायोसला या पाहुण्याची ओळखच नव्हती, म्हणून दार उघडत नव्हतं. बायोस नवं करायचं, तर बोर्ड चालू व्हायला हवा. चालू व्हायचा तर त्याच्या ओळखीचा प्रोसेसर हवा. आणि तो मी दोनशे रुपयांना देऊन बसले होते!

घटस्थापनेच्या दिवशी, २२ तारखेला, मी लेकीला घेऊन गेले.

"माझो जुनो प्रोसेसर घालून दाखवा आधी."

"तो खंय गेलो, काय म्हायत."

लेकीने काउंटरच्या आतल्या डब्याकडे बोट दाखवलं. चार-पाच प्रोसेसर होते, त्यातल्या एकाच्या टोपणावर निळ्या खडूची फुली. माझ्या शिवणाच्या खडूची. काढलेली प्रत्येक वस्तू खुणावून ठेवायची सवय धंद्याने लावलेली आहे, त्या दिवशी कामाला आली. त्याने तो बसवला, स्क्रीन लावली, बटण दाबलं. दहा सेकंदांत कंपनीचं चिन्ह, खाली बायोसची तारीख, २०११ सालची.

"असां होता कधी कधी," तो म्हणाला, आणि तपासणीचे तीनशे घेतले. पेंटियम परत घ्यायला दोनशे दिले ते वेगळे. मी भांडले नाही. बोर्ड हातात यायचा होता.

बायोस बदलताना मध्येच लाईट गेली तर बोर्ड खरोखरच मरतो, म्हणून ते काम घरी केलंच नाही. शेजारच्या होमस्टेत इन्व्हर्टर आहे, पेंटियम घातलेला अख्खा डबा तिथे उचलून नेला. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यात नव्या बायोसची फाइल टाकली, बायोसमधूनच अपडेट केलं. टक्केवारी पुढे सरकत होती तोवर लेक बोलत नव्हती, मीही नाही. मग पेंटियम काढला, आय ५ घातला, आणि स्क्रीनवर त्याचं नाव आलं. दोन कोअरच्या जागी चार.

पुढचं सगळं सरळ. ४ जीबीची आणखी एक जुनी रॅम पाचशेला मिळाली, एकूण ८ झाली. अशा बोर्डाला डीडीआर ३ जातीचीच रॅम मागा, नंतरच्या डीडीआर ४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा होता आणि विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकली. लेकीचं सी आणि पायथन त्यावर छान चालतं. या बोर्डावर एसएसडी तिच्या पूर्ण वेगाने धावत नाही, पण जुन्या हार्डडिस्कच्या मानाने स्वर्ग. ती हार्डडिस्क फोटोंपुरती ठेवलीय, भरवशाचं काही तिच्यावर नाही. संगणकातलं घड्याळ सारखं मागे जायचं, म्हणून बायोसची बॅटरी बदलली, ती सीआर २०३२ घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांत मिळाली. एसटीचं भाडं सोडून एकूण खर्च साडेचार हजारांच्या आत, तेही ते तीनशे धरून.

कॅबिनेटचे स्क्रू गंजून धरले होते, त्यांना खोबरेल लावून रात्रभर ठेवलं, सकाळी सुटले. मात्र आधी बोर्ड बाहेर काढा. आणि येत्या पावसाचं लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय, काम असो नसो, रोज तासभर चालू करायचा, आत दमट राहता नये. पेंटियम माझ्या बटणांच्या डब्यात आहे, फुलीसकट.