नांगर बंद केलेल्या बेडवर खत कसं द्यायचं: माझा अनुभव

साडेचार फुटी कायमचे बेड (गादीवाफे) पाडून नांगर-वखर थांबवला, की पहिली अडचण येते खताची. पूर्वी खत फेकलं तरी वखराच्या पाळीनं ते मातीत मिसळायचं. आता ते जिथं पडेल तिथंच राहतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जातो, जागचा फारसा हलत नाही. वरून फेकलेला डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) वरच्या इंचभर मातीत अडकतो, आणि पावसानं ताण दिला की सगळ्यात आधी वाळतो तो हाच थर. म्हणून स्फुरद-पालाश (पालाश म्हणजे पोटॅश) मी पेरूनच देतो: बियाण्याच्या दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली.

सोयाबीनला परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०:६०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश आणि २० किलो गंधक, म्हणजे एकरी १२:२४:१२ आणि ८ किलो गंधक. एक पोतं (५० किलो) डीएपी आणि २० किलो पोटॅशमध्ये ती जवळपास बसते. नत्र तीन किलो कमी पडतं, ते सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी भरून काढतात. गंधक मात्र वेगळं द्यावं लागतं. सुपर फॉस्फेट घेतलं तर एकरी तीन पोती लागतात, गंधक त्यातच येतं. पण घ्यायचं ते दाणेदारच, भुकटी नळीत दाटते. त्यात युरिया कालवून ठेवू नका, मिश्रणाला पाणी सुटतं.

पेरणी यंत्र शेतात नेण्याआधी मोजमाप करायलाच हवं. बेडवर तीन तासं (पेरणीच्या ओळी) धरली तर एकरात जवळजवळ ९,००० मीटर तास होतं. ७० किलो खताला मीटरमागं पावणेआठ ते आठ ग्रॅम. खताच्या प्रत्येक नळीला पिशवी बांधा, २० मीटर चालवा आणि वजन करा: दर पिशवीत १५५ ते १६० ग्रॅम यायला पाहिजे. एखादी पिशवी हलकी निघाली तर त्या नळीला बाक आलाय किंवा आत जुन्या खताचा खडा बसलाय.

फणांची जुळणी हाच खरा कळीचा भाग. पुढचा फण खताचा, अरुंद आणि टोकदार, चार इंच खोल. मागचा बियाण्याचा, दोन इंचांवर, बाजूला सरकवलेला. पुष्कळ पेरणी यंत्रांत दोन्ही नळ्या एकाच फणात सोडलेल्या असतात. मग डीएपी बियाण्याला चिकटतो, त्यातून अमोनिया सुटतो, मोडाचं टोक तपकिरी पडतं आणि तासात खांडण्या (रिकाम्या जागा) दिसतात. दोष बियाण्यावर जातो. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जीवाणू) लावलेलं असेल तर तेही वाया.

नवीन तास जुन्या धसकटांच्या मधून काढा, नाहीतर धसकट फणात अडकून मुळासकट उपटतं आणि पुढचं सगळं ओढत नेतं. यंत्र उभं असताना फण खाली टेकवू नका, नळीत चिखल भरतो. पेरणी पुरत्या वाफशावरच करा. ओल्यात फणानं चराच्या कडा गुळगुळीत होतात, चर बुजत नाही आणि ऊन पडलं की बियाण्यावरच भेग उघडते. दर दोन बेडांनंतर खुरप्यानं आडवं उकरून बी आणि खत यांच्यातलं अंतर बोटांनी मोजा.

कपाशीच्या युरियाची गोष्ट वेगळी. कोळपणी नाही, त्यामुळं तो झाकला जात नाही. काडीकचऱ्यावर पडलेल्या युरियाचा, चांगला पाऊस आला नाही तर, अमोनिया होऊन उडतो. ज्वारी-मक्याची काडी असेल तर कुजवणारे जीवाणूही काही काळ नत्र अडवून ठेवतात. म्हणून ३० आणि ६० दिवसांच्या हप्त्याला झाडापासून चार बोटं लांब, तीन इंच खोल टोचा मारून युरिया टाकायचा आणि टाचेनं भोक दाबायचं. साडेचार बाय एक फुटावर एकरी ९,६८० झाडं बसतात. एक गोणी म्हणजे ४५ किलो, झाडाला साधारण साडेचार ग्रॅम. एखादं झाकण माप म्हणून निवडा आणि दहा झाकणांचं एकत्र वजन करा, ते ४५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं.