आमची वाटचाल : दुसऱ्याच्या नावाची फाइल

२००४ साली वसईला भाड्याच्या गाळ्यात जुना एक्स्ट्रुडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून नळी काढणारं मशीन, टाकला. पैसा माझा, हात मेस्त्रींचे. नळीला आकार देणारी डाय त्यांनी स्वतः घासून बसवली. माल एकच, रायल्स ट्यूब, पेशंटच्या नाकातून पोटात घालायची नळी. १०५ सेंटिमीटर, आत एक्स-रेत दिसणारी रेघ, टोकाला वजनाच्या गोळ्या, बाजूला डोळे, म्हणजे भोकं. सगळी मेख त्या डोळ्यांत. भोक पाडायचा पंच बोथट झाला की कडेला बर, म्हणजे बारीक धारदार कंगोरा, राहतो आणि तो पेशंटच्या नाकापासून पोटापर्यंत खरवडत जातो. मेस्त्री प्रत्येक डोळ्यावर कापसाचा बोळा फिरवायचे. तंतू अडकला की ट्यूब भंगारात. तुमच्याकडे फिरवत नसतील तर उद्यापासून सुरू करा.

पुढची पंधरा वर्षं माल गेला, पैसे आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचना निघाली आणि सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. धोक्याप्रमाणे वर्ग पाडले, आमची ट्यूब क्लास बी. १ ऑक्टोबर २०२२ पासून एमडी-५ लायसन्स नसेल तर बनवायची नाही. सरकारी फी पाच हजार, वर प्रत्येक उत्पादनाचे पाचशे. कन्सल्टंटनं किती घेतले ते लिहायची लाज वाटते. ऑडिटच्या दिवशी प्लांट मास्टर फाइलच्या, म्हणजे कारखान्याची सगळी माहिती असलेल्या फाइलच्या, नवव्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं नाव निघालं! कुणाची तरी कॅथेटरची फाइल, वर फक्त आमचा शिक्का. शिवाय बायोकॉम्पॅटिबिलिटीचा, म्हणजे माल शरीराला बाधत नाही याचा, रिपोर्ट प्लास्टिकचा दाणा विकणाऱ्यानं दिलेला, नुसत्या दाण्याचा. लागतो तो तयार, ईटीओ (इथिलीन ऑक्साइड गॅसनं निर्जंतुक) होऊन आलेल्या ट्यूबचा. सायटोटॉक्सिसिटी (पेशींना अपाय), सेन्सिटायझेशन (अ‍ॅलर्जी), इरिटेशन (जळजळ), सगळ्या चाचण्या पुन्हा. ईटीओचा उरलेला अंशही मोजून घ्यायचा. चूक माझीच, सही करण्याआधी मी फाइल वाचली नव्हती. तुम्ही वाचा, कितीही जाड असली तरी.

ऑक्टोबरात मशीन थांबलं. मागच्या गल्लीतला एकजण, आमच्याच गाळ्यात पंच धरायला शिकलेला, त्याला लायसन्स वेळेत मिळालं. त्याचं कौतुकच. पण त्यानं माझ्या एकेका डीलरला फोन करून ‘ते बंद पडले’ असं सांगितलं. तेरा डीलर गेले. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या पाच महिन्यांत मेस्त्रींनी कोपऱ्यातल्या छोट्या मशीनवर माशांच्या टाकीचे पाइप काढले आणि पोरांचे पगार भागवले.

डीलरांपैकी सोलापूरचे काका तेवढे राहिले. म्हणाले, ‘रॅकचा कप्पा तुमचाच. माल तुमचा नसला तरी चिठ्ठी तुमच्याच नावाची.’

मार्च २०२३ मध्ये एमडी-५ हातात आलं. पहिला लॉट मी स्वतः एसटीनं सोलापूरला नेला. काकांनी लायसन्स नंबर वाचला नाही. एक पाकीट फोडलं आणि गल्ल्यातून कापूस काढला.