बदलीचा आदेश आणि नेमणुकीची जाहिरात

कर्नाटकातल्या खानापूरच्या नगरपंचायतीला नवा मुख्याधिकारी मिळतो तो बेंगळूरहून निघालेल्या बदलीच्या आदेशाने. निपाणी आणि कारवारच्या नगरसभेचे आयुक्तही तसेच येतात, बेळगाव महापालिकेचेही. नगरसेवकांचं मत विचारण्याची सोय या पद्धतीत नाही. चार्ज घेतलेला अधिकारी कधी तीन वर्षं टिकतो, कधी सहा महिन्यांत दुसरा आदेश निघतो.

अमेरिकेतल्या हजारो लहान शहरांत हे उलटं आहे. तिथे निवडून आलेली मंडळी स्वतः जाहिरात देतात, मुलाखती घेतात आणि आपला आयुक्त नेमतात. त्याला सिटी मॅनेजर म्हणतात. १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टाँटनने असा पहिला पगारी माणूस ठेवला, १९१२ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या समटरने ही पद्धत पूर्णपणे स्वीकारली. ओहायोतलं डेटन १९१३ च्या महापुरात बुडालं आणि पुढच्याच वर्षी ही पद्धत लागू करणारं पहिलं मोठं शहर ठरलं. महापौर सभा चालवतो, सभागृह धोरण ठरवतं आणि अंदाजपत्रक मंजूर करतं, आणि अंमलबजावणी मॅनेजर करतो. खातेप्रमुख नेमणं आणि काढणं त्याच्या हातात. नगरसेवकाने थेट मुकादमाला फोन करून काम सांगायचं नाही, असं बहुतेक शहरांच्या सनदेतच, म्हणजे शहराच्या मूळ नियमावलीतच, लिहिलेलं असतं.

उदाहरणासाठी फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन घेऊ. १५६५ मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेलं हे शहर अगदी खाडीच्या काठावर आहे. १६७२ ते १६९५ या काळात शिंपल्यांच्या दगडात बांधलेला किल्ला अजून उभा आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १४ हजारांच्या थोडी वर, म्हणजे कर्नाटकातल्या १० ते २० हजारांच्या निकषाने फक्त नगरपंचायत. सभागृह पाच जणांचं. पण वर्षभर पर्यटकांची रीघ, अरुंद जुन्या गल्ल्या, आणि २०१६ चं मॅथ्यू व २०१७ चं अर्मा अशी लागोपाठ दोन चक्रीवादळं. वस्ती लहान आणि व्याप मोठा, अशा गावाला माणूस निवडताना चूक परवडत नाही.

नव्या मॅनेजरच्या शोधाला सुरुवातीपासून चार ते सहा महिने लागतात. जुना मॅनेजर जाताच पहिला ठराव हंगामी माणसाचा. इथेच पहिली चूक होते. हंगामी माणूस स्वतः कायम जागेसाठी अर्ज करणार असेल, तर बाहेरचे चांगले उमेदवार ‘जागा ठरलेलीच दिसते’ असं समजून अर्जच करत नाहीत. म्हणून हंगामी नेमणुकीच्या ठरावातच लिहून टाकावं की ही व्यक्ती कायम पदासाठी उमेदवार नसेल. उपमॅनेजर खरोखरच लायक असेल तर त्याला हंगामी करू नये, सरळ अर्ज करू द्यावा.

मग शोध कोण करणार? पैसे असतील तर शोधसंस्था नेमतात. नसतील तर फ्लोरिडात निवृत्त सिटी मॅनेजरांची एक फळी आहे. मॅनेजरांच्या व्यावसायिक संघटनेमार्फत ही मंडळी लहान शहरांना अर्ज छाननीसाठी विनामूल्य मदत करतात. १४ हजारांच्या गावाला ही मदत मोठी आहे, कारण अर्जावरचं कोणतं वाक्य पोकळ आहे हे त्याच खुर्चीत बसलेल्याला लगेच कळतं.

जाहिरातीआधीचा कागद मात्र कोणावर सोपवून चालत नाही. पाचही सदस्यांना वेगवेगळं भेटून एकच प्रश्न विचारायचा: पहिल्या वर्षाच्या शेवटी कोणत्या तीन गोष्टी झालेल्या दिसायला हव्यात? उत्तरं शेजारी ठेवली की खरं चित्र उघडं पडतं. एकाला भरतीचं पाणी रस्त्यावर येणं थांबवायचं असतं, दुसऱ्याला पार्किंग हवं असतं, तिसऱ्याला कर्मचारी सोडून जातात त्याची चिंता असते, आणि चौथ्याला मुळात जुन्या मॅनेजरच्या अगदी विरुद्ध स्वभावाचा माणूस हवा असतो. हा मतभेद जाहिरातीआधी मिटला नाही तर तो नव्या माणसाच्या अंगावर येतो. वर्षाने त्याचं मूल्यमापन करताना पाच जण पाच फूटपट्ट्या घेऊन बसतात. आमच्या मते नेमणूक फसते ती मुलाखतीत नाही, इथेच. म्हणून सभागृहाने पाच-सहा कामं क्रम लावून ठरावात घालावीत आणि तोच ठराव जाहिरातीसोबत द्यावा.

जाहिरात चार ते सहा आठवडे चालते. फ्लोरिडाची एक खासियत उमेदवाराला पहिल्याच फोनवर सांगावी लागते: सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्यामुळे अर्ज कोणीही मागू शकतं. आज दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्याचं नाव उद्या तिथल्या वर्तमानपत्रात येऊ शकतं. त्यामुळे कसलेले लोक शेवटच्या दोन दिवसांत अर्ज टाकतात. मुदतीच्या आठवडाभर आधी अर्ज कमी दिसले म्हणून घाबरून मुदत वाढवू नये. तिथला खुल्या सभेचा कायदाही कडक आहे. दोन सदस्यांनी उमेदवारांविषयी खासगीत, फोनवर किंवा मेसेजवर बोलायचं नाही. पण एका सदस्याने एका उमेदवाराला एकट्याने भेटणं चालतं, आणि त्याचा उपयोग पुढे होतो.

छाननीत आठ-बारा जण राहतात, व्हिडिओ मुलाखतींनंतर चार-पाच. मग पार्श्वभूमीची तपासणी: पदव्या, गुन्हे, दिवाणी दावे, कर्जफेड, वाहन परवाना, आणि मागच्या प्रत्येक गावातल्या दहा वर्षांच्या बातम्या. उमेदवाराने दिलेल्या संदर्भांवर थांबू नये. त्याच्या जुन्या शहरातला वित्त अधिकारी, कर्मचारी संघटनेचा माणूस आणि त्याच्याविरुद्ध मत देणारा सदस्य या तिघांना फोन करावा.

शेवटच्या फेरीला दोन दिवस द्यावे लागतात. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या उमेदवारांना एका गाडीतून गाव दाखवायचं, पण नुसता किल्ला नाही. पाणी शुद्धीकरण केंद्र, सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन, भरतीला पाणी भरणारा रस्ता, कामगारांचा डेपो. कोण गाडीतून उतरून पंपाजवळ जातो आणि कोण आतच बसून राहतो, हे बरोबरच्या अभियंत्याने पाहून ठेवावं. दुपारी प्रत्येक सदस्याशी अर्धा-अर्धा तास एकांतात, संध्याकाळी गावकऱ्यांशी भेट, दुसऱ्या दिवशी खुल्या सभेत मुलाखती. प्रश्न सर्वांना तेच आणि त्याच क्रमाने.

जुन्या समुद्रकाठच्या गावासाठी हे तीन प्रश्न चुकवू नयेत.

पहिला, गटाराचा. पाऊस नाही, वादळ नाही, तरी पौर्णिमेच्या भरतीला चौकात घोटाभर पाणी येतं, कारण काय? ज्याला काम कळतं तो लगेच सांगतो: गटाराचं तोंड खाडीत उघडतं, भरतीची पातळी रस्त्यावरच्या जाळीपेक्षा वर गेली की खाडीचं पाणी त्याच नळातून उलटं येतं. तोंडावर एकतर्फी झडप बसवायची. पण तिच्यावर कालवं चिकटतात, काडीकचरा अडकतो, झडप अर्धी उघडी राहते. म्हणून ठरावीक दिवसांनी साफसफाई हवी. आणि झडप बंद असताना पाऊस आला तर गावातलं पाणी साठणार कुठे, त्यासाठी पंप हवा. नुसती झडप सांगून थांबणारा उमेदवार अर्धंच उत्तर देतो. हा प्रश्न कारवारलाही लागू आहे, आणि समुद्र नसला तरी बेळगावलाही. तिथल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी पुढे सरकलं नाही की मागे काय होतं, ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सगळ्यांनी पाहिलं.

दुसरा, वादळानंतरच्या पैशांचा. अमेरिकेत केंद्राची आपत्ती यंत्रणा मान्य खर्चाच्या किमान ७५ टक्के देते, पण शहराला आधी स्वतः खर्च करावा लागतो. मग प्रत्येक कामगाराचे तास, प्रत्येक यंत्राचे तास, जागेचे फोटो आणि कचऱ्याच्या प्रत्येक खेपेची पावती दाखवावी लागते. पावती नाही तर पैसे नाहीत. उमेदवाराला विचारावं: वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही नोंद कोण ठेवेल? नाव किंवा हुद्दा सांगता आला तर ठीक, ‘आमची टीम बघेल’ असं उत्तर आलं तर शून्य गुण.

तिसरा, जुन्या घरांचा. पूररेषेतल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या ५० टक्क्यांवर गेला की ते नव्या नियमाप्रमाणे उंच करावं लागतं. नोंदणीकृत ऐतिहासिक वास्तूला तिचं ऐतिहासिकपण टिकत असेल तर सूट मिळू शकते. ही सूट सरसकट वाटली की घरं पुन्हा बुडतात, नाकारली की मालक घर पाडून मोकळा होतो. इथे उमेदवाराची समज आणि स्वभाव दोन्ही दिसतात.

मतमोजणीत एक सापळा आहे. समजा क, ख, ग असे तीन उमेदवार आहेत आणि प्रत्येक सदस्य त्यांना १, २, ३ क्रम देतो. तिघा सदस्यांनी क ला पहिला, ख ला दुसरा क्रमांक दिला. उरलेल्या दोघांनी ख ला पहिला, ग ला दुसरा आणि क ला तिसरा दिला. बेरीज केली तर क चे ९, ख चे ८, ग चे १३. कमी बेरजेने ख जिंकतो, जरी तिघांची पहिली पसंती क आहे. म्हणून बेरीज फक्त चर्चेला सुरुवात करण्यापुरती वापरावी, नेमणूक रीतसर ठरावाने आणि उघड मताने करावी. आणि निकाल ३ विरुद्ध २ असा होत असेल तर सभा तहकूब करून आठवडाभराने पुन्हा बसावं. तीन मतांवर आलेला मॅनेजर पुढच्या निवडणुकीत एक जागा पलटली की जातो, हे त्यालाही माहीत असतं, आणि तो अवघड निर्णय टाळू लागतो.

कराराच्या वेळी सगळे पगारावर अडतात, पण करार मोडतो तो घरावरून. पर्यटनाच्या गावात घरं महाग, आणि सनदेत ‘शहराच्या हद्दीत राहावं’ अशी अट अनेकदा असते. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा हे शेवटच्या आठवड्यात पुढे येतं आणि उमेदवार माघार घेतो. म्हणून हे पहिल्या मुलाखतीनंतरच विचारावं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला करारावर सही होईपर्यंत नकार कळवू नये. काढून टाकल्यास किती भरपाई, तेही लिहून घ्यावं. फ्लोरिडाच्या कायद्याने ती २० आठवड्यांच्या पगारापेक्षा जास्त देता येत नाही आणि गैरवर्तनाबद्दल काढलं तर काहीच नाही. मूल्यमापनाची तारीख आणि ते कोणत्या कामांवर होईल हेही करारातच असावं, म्हणजे जाहिरातीसोबतचा कामांचा ठराव पुन्हा कामी येतो. मॅनेजरांच्या संघटनेची आचारसंहिता सदस्याकडून एका गावी किमान दोन वर्षं काम करण्याची अपेक्षा ठेवते. ती अपेक्षा पूर्ण व्हावी तर शहरानेही तेवढी तयारी ठेवायला हवी.

आता आपल्याकडे. कर्नाटकात १९६४ च्या नगरपालिका कायद्याखाली मुख्याधिकारी सरकार देतं, मुलाखतीचा प्रश्नच नाही. नगराध्यक्षपद अडीच वर्षांचं, त्यात आरक्षणाचा वाद कोर्टात गेला की मधे प्रशासक. पण पहिल्या वर्षाच्या कामांचा ठराव करायला कोणाची परवानगी लागत नाही. नवा अधिकारी चार्ज घेण्याआधी सभागृहाने तो मंजूर करून ठेवावा. सोबत चार्जची टाचण: कोर्टात असलेले दावे आणि पुढच्या तारखा, चालू निविदा आणि ठेकेदाराच्या दुरुस्तीच्या हमीची मुदत कधी संपते, वित्त आयोगाच्या निधीतली शिल्लक, थकलेलं वीजबिल, घरपट्टीची मागणी आणि वसुली, रिकाम्या जागा. हमीच्या मुदतीकडे विशेष लक्ष द्यावं. अधिकारी बदलण्याच्या गडबडीत ती उलटून जाते आणि उखडलेला रस्ता गावाच्याच पैशातून पुन्हा करावा लागतो.

आणि भाषा. येणारा अधिकारी कलबुर्गी किंवा म्हैसूरकडचा असेल, त्याला मराठी वाचता येत नसेल, तर तो त्याचा दोष नाही. पण गावातल्या वयस्कर माणसाला घरपट्टीची नोटीस वाचता येत नसेल तर तो त्याचाही दोष नाही. ज्या नगरपालिकेच्या हद्दीत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, ही भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण योजनेतली तरतूद आहे आणि तिच्यावर देखरेख करणारा आयुक्त घटनेच्या ३५० ब कलमाखाली नेमला जातो. चार्जच्या टाचणीत हा मुद्दा पहिल्या पानावर असावा: गावात मराठी बोलणारे किती टक्के, आत्ता कोणत्या सूचना मराठीत निघतात, कोणत्या निघत नाहीत, भाषांतर कोण करतं. टाचण कन्नडमध्ये करून शेजारी मराठी ठेवावी, म्हणजे अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी ती वाचता येईल आणि नगरसेवकांना त्यात काय लिहिलं आहे ते तपासता येईल. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक घालून घ्यावा.