तुम्ही विचारलंत म्हणून: वजनासाठी तयार जेवणाचे डबे लावावेत का?

"वजन कमी करायला तू तयार जेवणाचे डबे लावले होतेस ना? फरक पडला का? आम्हीही लावू का?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट बसून लिहावं असं वाटलं. फरक पडला. तुम्ही लावावेत की नाही, हे मात्र डबे बंद झाल्यावर काय खायचं याचा तुम्ही आधी विचार केलाय का, त्यावर ठरेल.

आधी फरक का पडला ते सांगते. त्या जेवणात काही खास घटक असतो असं अनेकांना वाटतं, तसं काही नसतं. तिथे कुणीतरी मोजून वाढतं, एवढंच. घरी आपण तेल अंदाजाने ओततो. एक मोठा चमचा तेल साधारण 14 ग्रॅम भरतं आणि त्यात जवळपास 120 कॅलरी असतात. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे 4 कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ 9. म्हणजे कढईत चमचाभर तेल जास्त पडलं तरी ताट तेवढंच दिसतं, चवही जवळपास तीच लागते, पोटही तेवढंच भरतं. वाढतात त्या फक्त कॅलरी, आणि त्या आपल्याला कळत नाहीत.

'मी तर काहीच खात नाही, तरी वजन हलत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. 1992 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशाच लोकांचा एक अभ्यास आला होता. दिवसाला 1200 कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणारी ही माणसं. त्यांचा चयापचय तपासला तर तो व्यवस्थित निघाला. पण त्यांनी लिहून ठेवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी होतं, आणि हालचालीची नोंद 51 टक्के जास्त. ती माणसं लबाड होती असं मला मुळीच वाटत नाही. ताटात किती आहे हे नुसत्या नजरेने ओळखणं खरोखरच अवघड आहे. डबा पहिली मदत करतो ती इथेच.

दुसरी मदत मला त्याहून मोठी वाटते. संध्याकाळी थकून, भुकेलं घरी आल्यावर 'आता काय खाऊ?' हा प्रश्न समोर उभा राहिला की विचार करायचं त्राण नसतं. जे पटकन हाताशी येईल ते आपण खातो, आणि उभ्याउभ्याच बरंचसं पोटात जातं. डबा फ्रीजमध्ये तयार असला की तो प्रश्नच उरत नाही, कारण पोट भरलेलं असताना, शांत डोक्याने, आपण त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं.

याला आधार आहे. लठ्ठपणावरच्या उपचारांत रुग्णांना मोजलेलं जेवण पुरवलं तर वजन जास्त उतरतं, हे रॉबर्ट जेफ्री आणि रीना विंग यांच्या गटाने 1993 मध्ये दाखवलं. मग त्यांना प्रश्न पडला, की यात नेमकं काम कशाने केलं? पुढच्या प्रयोगात त्यांनी काही जणांना प्रत्यक्ष जेवण दिलं, तर काहींना फक्त ठरलेला आहार आणि तो बनवायला लागणाऱ्या सामानाची यादी दिली. 1996 मध्ये निष्कर्ष आले. यादीवाल्यांचं वजनही जेवणवाल्यांइतकंच उतरलं होतं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय. डबे परवडत नाहीत म्हणून जे खट्टू होतात, त्यांचं काही अडलेलं नाही. आठवड्याचं जेवण कागदावर ठरवा, त्याच यादीने सामान आणा आणि वाढताना मोजा. मेहनत जास्त पडेल, पण उपाय तोच आहे.

आता वजनकाट्याबद्दल. सुरुवातीच्या दिवसांत वजन झपकन उतरतं. ती सगळी चरबी नसते. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी तो साठा आणि ते पाणी जातं. पुढे वेग मंदावतो, आणि 'डबे लागू पडेनात' म्हणून लोक नेमके तेव्हाच सोडून देतात. खऱ्या अर्थाने चरबी उतरायला तेव्हाच सुरुवात झालेली असते, म्हणून कृपा करून तिथे थांबू नका.

डब्यावरचं लेबल वाचायची सवय लावून घ्या. मी कॅलरींच्या आधी प्रथिनं आणि तंतू किती आहेत ते बघते, कारण भूक लांबते ती त्यांच्यामुळे. मग सोडियम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. लेबलवरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा मिळतो. एका डब्यात 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर तिथेच 2 ग्रॅम मीठ झालं. कॅलरींचा आकडाही काटेकोर नसतो. अमेरिकेतले लेबलचे नियमसुद्धा 20 टक्क्यांपर्यंत जास्तीची मुभा देतात, म्हणजे 400 लिहिलेल्या डब्यात 480 असू शकतात. म्हणून अ‍ॅपमध्ये कॅलरी जुळवत बसण्यात मी वेळ घालवला नाही.

फार छोटे डबे पाठवणाऱ्या सेवेपासून मात्र लांब राहा. दिवसभर पोट रिकामं ठेवून रात्री कपाट उघडायला लावणारा आहार कुणालाच झेपत नाही. माझा एका वेळचा डबा अपुरा पडायचा, तेव्हा मी सोबत वाडगाभर कच्च्या भाज्या घ्यायचे. पाणी आणि तंतू भरपूर, कॅलरी नगण्य, त्यामुळे पोट भरायचं आणि हिशोबही बिघडायचा नाही.

साठवण्याचं थोडक्यात: फ्रीज 5 अंश सेल्सिअसच्या आत असू द्या आणि डबा मधोमध वाफाळेपर्यंत गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात आणि मधला भाग गार राहतो, म्हणून मध्ये एकदा ढवळा.

डबे चालू असतानाच त्यातून बाहेर पडायची तयारी सुरू करायला हवी. मी डब्यातून कधीच खाल्लं नाही. सगळं माझ्या रोजच्या ताटात काढायचे, घरातल्यांबरोबर बसायचे आणि कुठला पदार्थ ताटाचा किती भाग व्यापतो ते बघायचे. अधूनमधून ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचे. हळूहळू नजर तयार झाली. मग आधी सुट्टीच्या दिवसांचे डबे बंद केले, नंतर रात्रीचे, आणि तेवढंच माप स्वतः रांधून वाढायला लागले. डबे एका दिवसात बंद करून जुन्या ताटाकडे वळलात तर वजन परत येणारच. शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते, आणि जुनं ताट त्या गरजेपेक्षा मोठं ठरतं.

काही जणांना मी थेट 'नको' म्हणते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाणं अचानक कमी केल्याने रक्तातली साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर भरपूर प्रथिनांचे डबे मनाने लावू नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने वजन उतरवण्यासाठी हे स्वतःहून करू नये. आणि ज्यांचं खाण्याशी नातं कधीकाळी आजारापर्यंत बिघडलं होतं, त्यांनी आकडे छापलेल्या या डब्यांपासून दूर राहावं असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा लावशील का, असंही विचारतात. कामाचा ताण वाढला की मी आजही फक्त दुपारचा डबा लावते. रात्रीचं जेवण घरीच, मोजून.