टेम्सची पट्टी, आठवडा अकरावा: मॉर्टलेक गाठलं

मारलं एकदाचं! रोइंग मशीनवर ६,७७९ मीटर, मध्ये हँडल न सोडता, ३६ मिनिटं ४८ सेकंद. सरासरी स्प्लिट (म्हणजे दर ५०० मीटरला लागलेला वेळ) २:४३. केंब्रिजच्या पोरांनी ऑक्सफर्डविरुद्धच्या शर्यतीत १९९८ मध्ये हेच अंतर १६ मिनिटं १९ सेकंदांत कापलं होतं. पण ते आठ जण होते आणि त्यांच्या बोटीखाली भरतीचं पाणी होतं, अशी मी स्वतःची समजूत काढते.

मागच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: रोइंग मशीनवर नुसते आकडे बघून कंटाळा आला, म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीचा मार्ग कागदाच्या पट्टीवर काढून हॉलच्या भिंतीला चिकटवला. लंडनमध्ये पटनी ते मॉर्टलेक, ४ मैल ३७४ यार्ड. पहिली शर्यत १८२९ मध्ये हेन्लीला झाली, या मार्गावर ती १८४५ मध्ये आली. एका सेंटीमीटरला २० मीटर असं माप धरलं, तर पट्टी ३ मीटर ३९ सेंटीमीटर झाली.

आता माझी चूक. पट्टीवर खुणा मी वाटसरूच्या नजरेनं लावल्या होत्या. समोर हॅमरस्मिथचा पूल, मग तो जवळ येणार, मग मागे जाणार. पण वल्हवणारा पाठमोरा बसतो! पूल डोक्यावरून गेल्यावरच दिसतो त्याला. पुढचं बघतो तो एकटा कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा. शिवाय डावं-उजवंही उलटतं. सरे काठावरची (म्हणजे दक्षिण काठावरची) हॅरॉड्स या बड्या दुकानाची जुनी टेराकोटा वखार बोटीच्या डावीकडे असते, पण वल्हेकऱ्यांच्या उजव्या हाताला येते. मी ती तीन आठवडे चुकीच्या काठावर ठेवून होते, आणि क्रेव्हन कॉटेज हे फुलहॅमचं फुटबॉल मैदान समोरच्या काठावर. पट्टी सगळी उतरवली, उलटी लावली. आता खूण पार केली की मगच तिचं चित्र नजरेसमोर येतं. गंमत म्हणजे यानं दम जास्त टिकतो. किती राहिलंय ते दिसत नाही, किती झालं तेवढंच दिसतं.

कॉक्सचं काम लेकीकडे. मैलाच्या खांबाशी (१,६०९ मीटर) ती ओरडते, "आई, फेअरबर्न आजोबा गेले!" हा दगडी खांब स्टीव्ह फेअरबर्न यांच्या स्मरणार्थ आहे. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, केंब्रिजचे प्रशिक्षक, आणि याच पात्रात उलट दिशेनं, मॉर्टलेक ते पटनी होणारी 'हेड ऑफ द रिव्हर' शर्यत १९२६ मध्ये सुरू करणारे.

माझा जीव मात्र हॅमरस्मिथच्या पुलात अडकलाय. साधारण २,८०० मीटरवर येतो, म्हणजे नेमकी मांड्या पेटायला लागतात तिथं. आधीचा झुलता पूल विल्यम टिअर्नी क्लार्कचा, १८२७ चा. बुडापेस्टचा साखळीपूलही याच माणसानं आखला. १८७० मध्ये शर्यत बघायला त्यावर अकरा-बारा हजार माणसं चढली आणि पूल पेलेल का, याची मालकांना धास्ती बसली. मग जुन्याच खांबांच्या पायावर बॅझलजेटनं आजचा पूल उभारला, १८८७ मध्ये. लंडनची गटारव्यवस्था बांधणारा तोच बॅझलजेट. आणि बघा, २०१९ पासून हाही पूल तडे गेल्यामुळे मोटारींना बंद आहे.

पुलापाशीच सरे बाजूचं लांब वळण सुरू होतं. आतल्या अंगाच्या बोटीचा फायदा, म्हणून आधीच्या नाणेफेकीला एवढं महत्त्व. मी बाहेरची बोट समजून डॅम्पर (मशीनचा ओढा जड-हलका करणारा खटका) पाचावरून आठवर नेला. शुद्ध आगाऊपणा! चारशे मीटरांत स्प्लिट २:५८ वर घसरला, कंबर धरली, आणि चिझिक आयट हे बेट कधी गेलं ते कळलंच नाही. कुणी हा प्रयोग करू नका. वळण सोसायचं तर स्ट्रोक रेट (मिनिटाला मारायचे फटके) दोननं वाढवा, डॅम्परला हात लावू नका.

बार्न्सचा रेल्वे पूल १८४९ चा. तिथून पुढचं काही आठवत नाही.

पुढची पट्टी ठरली आहे: डॉगेट्स कोट अँड बॅज. लंडन ब्रिज ते चेल्सी, ४ मैल ५ फर्लांग. थॉमस डॉगेट नावाच्या नटानं १७१५ मध्ये नावाड्यांसाठी सुरू केलेली शर्यत, विद्यापीठवाल्यांच्या ११४ वर्षं आधीची. नुकतीच शिकाऊ उमेदवारी संपवलेली नावाड्यांची पोरं त्यात उतरतात, जिंकणाऱ्याला लाल कोट आणि दंडावर चांदीचा भलामोठा बिल्ला. खरं सांगायचं तर मला हीच शर्यत जास्त आपली वाटते. यातल्या पोरांचं पोटच वल्ह्यावर.

अडचण एकच. नवी पट्टी ३३ सेंटीमीटरनं लांब होतेय आणि भिंत खिडकीपाशी संपते. कॉक्सचं म्हणणं, चेल्सी काचेवर चिकटवू. आणि लाल कोट तिला हवाय.