तुम्ही विचारलंत म्हणून: आधी छताचे कोपरे

आमची पहिली कॅम्पर व्हॅन गेली आणि तिच्या जागी दुसरी, तीही जुनीच, आली. तेव्हापासून भेटेल तो हाच प्रश्न विचारतो. "आमची आता म्हातारी झालीय, बदलायचीय. कोरी परवडणार नाही. सेकंडहँडमध्ये भरवशाची कुठली?" विचारणाऱ्याला एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं. मी नाव घेत नाही, तो हिरमुसतो. रोज कुणाला तरी हिरमुसलं करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

कॅम्पर व्हॅन म्हणजे दोन वस्तू एकाच नंबर प्लेटवर. खाली मालवाहू गाडी, वर चिमुकलं घर. खालच्या गाडीची फारशी काळजी करू नका असं मी म्हणते. फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर, फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर या गाड्या माल वाहायला, अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून दिवसरात्र पळायला बनवलेल्या असतात. त्यांच्या मानानं सुट्टीपुरती बाहेर निघणारी कॅम्पर म्हणजे माहेरवाशीण. यातली कुठली घ्यावी, याला माझं उत्तर एवढंच: तुम्ही जिथे फिरणार तिथे जी सर्वांत जास्त दिसते ती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं जिचं इंजिन शंभरदा उघडलंय ती गाडी वाटेत बंद पडली तरी तुम्ही संध्याकाळपर्यंत पुढे निघता. डुकाटोच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. प्यूजो बॉक्सर आणि सित्रोएन जंपर या तिच्याच बहिणी, नाव वेगळं, अंग बरंचसं एक. त्यामुळे पार्ट शोधताना तीन दुकानांची दारं उघडी.

वरच्या घराचं मात्र तसं नाही. त्याला पाणी मारतं.

आमची पहिली व्हॅन आम्ही सोडली त्या दिवशीही पहिल्या चावीला सुरू होत होती. छताच्या खिडकीच्या सीलमधून पाणी झिरपायचं. आम्ही काय केलं, तर बाहेरून सिलिकॉन फासलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फासलं. तिसऱ्या वर्षी कपाटामागच्या प्लायवूडवर सहज अंगठा टेकवला आणि तो आत गेला. ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा. तोवर पाणी भिंतीच्या आतून खाली उतरून मागच्या सीटचा पट्टा जिथे बोल्टनं बांधलेला होता त्या पत्र्यापर्यंत पोचलं होतं. मेकॅनिकनं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून दाखवला आणि म्हणाला, "ताई, वेल्डिंग करीन, पण कशाला करू? शेजारचा पत्राही असाच आहे." गाडी कधी बदलावी, असंही लोक विचारतात. इंजिनाचं काम निघालं म्हणून घाईनं बदलू नका. पट्ट्याचे बोल्ट, चासी, जॅक लावायची जागा, असा माणसांचा जीव ज्यावर टांगलेला असतो तो पत्रा गेला, की मग मात्र मन घट्ट करा.

म्हणून दुसरी शोधताना मी बॉनेट उघडायच्या आधी आत शिरायची. विकणाऱ्यांना नवल वाटायचं. आधी नाक. दमट, कुबट वास कितीही हलका असला तरी खरा धरा. आणि एअर फ्रेशनरचा भपकारा आला तर आणखी खरा धरा. मग छताचे चारही कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छतावर जिथे जिथे भोक पाडून काही बसवलंय त्याच्या आतली बाजू. सगळीकडे अंगठ्यानं दाबत जायचं. पलंगाची गादी उचलायची, कपाटं रिकामी करायला लावायची. लाजायचं नाही. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते मी विकत घेतलं आणि बघायला गेलेल्या पहिल्याच व्हॅनला त्याचे पैसे वसूल झाले. लाकडात साधारण 15 टक्क्यांच्या आत आकडा आला की मी पुढे सरकते. 20 च्या पुढे गेला तर कारण विचारते. 30 च्या आसपास असेल तर आभार मानून निघते. अर्थात मीटरही फसतं. पिना न टोचता नुसतं भिंतीला टेकवायचं मीटर, मागे लगेच पत्रा असेल तर कोरड्या जागीही भलताच आकडा दाखवतं. म्हणून एकेका आकड्यापेक्षा समोरासमोरच्या दोन जागा ताडून बघायच्या. डावा कोपरा 12 आणि उजवा 26, म्हणजे उजवीकडे काहीतरी शिजतंय.

शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघायला जा. कोरड्या हवेत सगळ्याच व्हॅन सज्जन असतात.

आता बॉनेट. आपण येणार म्हणून विकणाऱ्यानं इंजिन आधीच गरम करून ठेवलंय का, ते हात लावून बघा. गरम असेल तर थांबा, गार होऊ द्या, मग सुरू करायला सांगा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनाच्या आत शिरतंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, तपासून घ्या. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा, कधी बदलला, हे तोंडी ऐकून घेऊ नका, बिल बघा. तो किलोमीटरवर आणि वर्षांवर, जे आधी भरेल त्यावर बदलायचा असतो. सेकंडहँड कॅम्परमध्ये वर्षांचा हिशेब हमखास विसरलेला असतो, कारण गाडी पळालेलीच नसते. तो तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिनच उतरवावं लागतं.

यावरून माझ्या आवडत्या भांडणावर येते. "रनिंग फक्त तीस हजार!" असं कुणी कौतुकानं सांगितलं की माझे कान टवकारतात. पंधरा वर्षांत तीस हजार म्हणजे वर्षाला दोन हजार. म्हणजे ही गाडी बहुतेक काळ उभी होती. उभ्या गाडीची रबरी सील सुकतात, ब्रेकच्या डिस्क गंजतात, बॅटरी मरते, टायर एकाच जागी दबून राहतात. डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारं डीपीएफ असेल, तर ते साफ व्हायला लांबचा, सलग प्रवास लागतो. फक्त महिन्यातून एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत ते तुंबतं. मी तर दीड लाख किलोमीटर नेमानं चाललेली, दर वर्षी सर्व्हिसिंग झालेली गाडी डोळे झाकून पुढे बघते. (डोळे झाकून घेत नाही, पुढे बघते.) टायरची नक्षी खोल दिसली म्हणून भुलू नका. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 3414 म्हणजे 2014 सालचा 34 वा आठवडा. नक्षी कोरी आणि टायर दहा वर्षांचा, असं कॅम्परमध्ये फार वेळा दिसतं. असे टायर किमतीत धरू नका, नवे घालायचेत असंच समजा.

घरी बनवलेल्या कॅम्परबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. काही फार सुंदर असतात, फोटोत तर विचारूच नका. पण मी आधी फ्यूजचा डबा दाखवा म्हणते. प्रत्येक वायर कुठे जाते हे बनवणाऱ्याला सांगता आलं नाही, तर ती वायर उद्या मलाही सापडणार नाही. एका व्हॅनमध्ये बॅटरीपासून निघालेली जाडजूड वायर फ्यूजशिवाय थेट पलंगाखाली गेली होती आणि वर गालिचा. गॅसचं तर त्याहून नाजूक. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवंच. एकानं ते "थंडी येते" म्हणून बुजवलं होतं! गॅसची जोडणी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय त्या गाडीत एक रात्रही काढू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पहिला तो बसवा.

फ्रिजबद्दल दोन शब्द. गॅसवर चालणारा जो बिनआवाजाचा फ्रिज असतो, त्याची युक्ती 1922 साली प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी काढली. उष्णता देऊन थंडावा मिळवायचा, हलणारा एकही भाग नाही. गंमत अशी की तो गार व्हायला कित्येक तास घेतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर रुसतो. म्हणून बघायला जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला तो सुरू करून ठेवायला सांगा, आणि गॅसवर सांगा. तो विजेवरही चालतो, आणि तेवढंच चालवून दाखवणारे पुष्कळ भेटतात.

वजनाचा विषय कुणीच काढत नाही. अनेक देशांत साध्या परवान्यावर 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून पुष्कळ मोठ्या कॅम्परची मर्यादा नेमकी तेवढीच असते. रिकामी गाडीच 3,050 किलो भरली तर उरले साडेचारशे. त्यात चार माणसं, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, सायकली, आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेली दुसरी बॅटरी आणि बाहेरचा मांडव. झाली मर्यादा पार. ब्रेक आणि टायर त्या मर्यादेच्या हिशेबानंच दिलेले असतात. गाडी वजनकाट्यावर चढवून बघा, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका.

आणि अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे अक्षरशः पाळा. बूट काढून पलंगावर आडवे व्हा. दोघं असाल तर दोघंही. विकणारा बाहेर उभा राहून हसला तर हसू दे. आमचे हे सहा फुटांच्या वर आहेत. एका देखण्या व्हॅनमध्ये त्यांचे पाय कपाटात गेले आणि तो सौदा तिथेच मिटला.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर आधी एक सोपं काम करा. जुन्या व्हॅनमध्ये बसा आणि दोन याद्या लिहा. काय काय मोडलं, आणि काय कधीच वापरलं नाही. आमच्या दुसऱ्या यादीत ओव्हन, टीव्ही आणि आंघोळीची कोठडी होती. कोठडीत आम्ही सात वर्षं छत्र्या ठेवल्या. त्या यादीमुळे शोध निम्मा झाला, कारण कोठडी नसलेल्या व्हॅन आखूड असतात आणि त्यांच्या छताला भोकंही कमी. खर्चाचं म्हणाल तर ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला काढूनच बाजारात उतरा. घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तो लागतोच.

आम्ही नऊ व्हॅन पाहिल्या. दहावीच्या मालकीणबाईंनी चावीआधी एक वही हातात दिली. प्रत्येक दुरुस्ती, तारीख, किलोमीटर. मधल्या एका पानावर लिहिलं होतं: "छताची खिडकी, डावा कोपरा, थेंब येतो. जुनं सील काढून नवं बसवलं. पावसात पुन्हा बघणे." कुणी आपल्या गाडीची गळती असं स्वतःहून दाखवेल, हे मला नवीन होतं. मी मीटर लावलं, आकडा 14 आला. त्याच दिवशी बयाणा दिला.

पहिल्या पावसात मी टॉर्च घेऊन आत बसले. डावा कोपरा कोरडा ठणठणीत. उजवीकडच्या खिडकीखाली मात्र एक ओली रेघ उतरली होती. वही काढली, तारीख घातली आणि बाईंच्या अक्षराखाली पहिल्यांदाच माझं अक्षर पडलं.