मूळची कुठली?

निवेदन लिहिताना माझं पेन अडतं ते पहिल्याच ओळीत. ‘सुप्रसिद्ध अमुक गायिका’ यातल्या ‘अमुक’पाशी. आमच्या श्रवणमंडळात जगभरची गाणी ऐकवली जातात आणि प्रत्येक गाण्याआधी दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे असतं. जिथे जन्मली तिथेच वाढली, तिथेच गायली, अशी गायिका असेल तर काही प्रश्नच नाही. पण पॉप संगीतातली निम्मी मंडळी कुठून तरी कुठे तरी गेलेली. आणि श्रोत्यांना सगळ्यात आधी हवं असतं ते हेच: मूळची कुठली?

सोपा वाटणारा उपाय म्हणजे जन्मगाव सांगून मोकळं व्हायचं. तो कुठे फसतो ते पाहायचं तर रिटा ओरा आणि दुआ लिपा या दोन पॉप गायिकांना शेजारी शेजारी ठेवा. दोघी कोसोव्होतल्या अल्बानियन कुटुंबांतल्या, दोघी लंडनमधून पुढे आलेल्या. रिटा १९९० मध्ये कोसोव्होच्या राजधानीत, प्रिस्टिनात जन्मली, पण वर्षाची होते न होते तोच घरचे तिला घेऊन लंडनला आले. दुआचा जन्म लंडनचाच, १९९५ चा. २००८ मध्ये कोसोव्हो स्वतंत्र झाल्यावर तिचं कुटुंब प्रिस्टिनाला परतलं, ती तिथल्या शाळेत गेली, आणि पंधराव्या वर्षी गाण्यासाठी आईवडिलांना तिथेच ठेवून लंडनला आली. आता जन्मगावावर ठरवायचं तर जिला प्रिस्टिना आठवणंही शक्य नाही ती कोसोव्होची, आणि जिने तिथे शाळेची वर्षं काढली ती निव्वळ लंडनकर! वर आणखी एक गुंता आहेच. रिटा जन्मली तेव्हा ते शहर युगोस्लाव्हियात होतं. तो देश आता नकाशावर नाही, आणि कोसोव्होला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. दुआला २०२२ मध्ये अल्बानियाने नागरिकत्व दिलं, ते आणखी वेगळंच.

मग पासपोर्ट पाहावा म्हणावं, तर टीना टर्नर आडवी येते. टेनेसीत जन्मलेली, अमेरिकेच्या दक्षिणेतला मातीचा आवाज घेऊन जगभर गाजलेली ही बाई स्वित्झर्लंडला जाऊन राहिली, २०१३ मध्ये तिथली नागरिक झाली आणि अमेरिकेचं नागरिकत्व तिने रीतसर सोडलं. २०२३ मध्ये ती गेली ती स्विस नागरिक म्हणून. पण तिचं १९८४ चं गाणं लावताना मी ‘स्विस गायिका’ म्हटलं, तर लोक मला खाली बसवतील, आणि बरोबरच करतील.

या टीनाबाईंनीच माझ्या मनात एक गोष्ट पक्की केली. आधी गाण्याची तारीख बघायची. ते गाणं झालं तेव्हा गाणारी व्यक्ती कोण होती, कुठे होती, हे आधी. पुढे-मागे काय झालं ते दुसऱ्या वाक्यात.

हे सगळ्यात उपयोगी पडलं ते अदनान सामींच्या वेळी. आशाताईंबरोबरचं त्यांचं २००० सालचं गाणं होतं. मी म्हटलं, “लंडनमध्ये जन्मलेले, त्या वेळी पाकिस्तानी नागरिक असलेले अदनान सामी.” पहिल्या रांगेतले एक काका तिथल्या तिथे उठले. “अहो ताई, ते भारतीय आहेत. पद्मश्री आहेत!” मागच्या रांगेतून दुसरे म्हणाले, “कसले भारतीय, वडील पाकिस्तानच्या हवाई दलात होते.” गाणं सुरू व्हायच्या आधीच सभा सुरू झाली.

दोघंही खरंच बोलत होते, फक्त एकाच माणसाच्या वेगवेगळ्या तारखा घेऊन. अदनान सामी २००१ मध्ये व्हिसावर भारतात आले आणि पुढे इथेच राहिले. मे २०१५ मध्ये त्यांच्या पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली, तिथल्या सरकारने तो वाढवून दिला नाही, तेव्हा त्यांनी इथल्या गृहमंत्रालयाकडे राहू देण्याची विनंती केली. १ जानेवारी २०१६ पासून ते भारताचे नागरिक झाले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कला, विज्ञान, साहित्य अशा क्षेत्रांत मोठं काम केलेल्यांना नेहमीच्या अटींतून सूट देण्याची सोय आहे, त्या वाटेने. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे त्या दिवसापासून कागदावर ते फक्त भारतीय. २०२० च्या पद्म यादीत तर त्यांच्या नावापुढे राज्य म्हणून महाराष्ट्र छापलेलं होतं. त्या यादीवरून जो गदारोळ झाला, त्यात पुन्हा वडिलांचा १९६५ च्या युद्धातला सहभाग उकरून काढला गेला. बाप कोणत्या सैन्यात होता यावरून मुलाचा देश ठरवायचा असेल तर निवेदकाने वंशावळच वाचावी. मला ते मान्य नाही. पण २००० सालच्या गाण्याला २०१६ चं नागरिकत्व चिकटवणंही मान्य नाही, हे मी त्या काकांना चहाच्या वेळी सांगितलं. पटलं असं वाटलं नाही.

जोडविशेषणांचं मला फारसं प्रेम नाही. ‘अमुक-तमुक गायक’ यातलं कुठलं जन्माचं, कुठलं आईबापांचं आणि कुठलं कागदावरचं, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. अपवाद ग्लोरिया एस्टेफानचा. तिला ‘क्युबन-अमेरिकन’ म्हटलेलं चालतं, कारण मायामीत त्या नावाचा एक जिताजागता समाज आहे आणि तिचं संगीत त्याच समाजातून आलंय. सेलीन डिऑन १९८८ मध्ये युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा जिंकली ती स्वित्झर्लंडतर्फे, ती मात्र पक्की कॅनडाची. स्पर्धेत ती कुणाकडून गायली याचा तिच्या देशाशी संबंध नाही.

आणि फ्रेडी मर्क्युरी? पाचगणीच्या शाळेत शिकला म्हटल्यावर आपल्या लोकांना जे भरतं येतं! झांजिबारला जन्मलेला पारशी फारूख बलसारा, १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंबासह इंग्लंडला गेलेला. ब्रिटिश गायकच तो. पाचगणी मी सांगते, जरूर सांगते, पण ‘आपला फ्रेडी’ म्हणत नाही. शाळा आपली, एवढंच.

पुढच्या कार्यक्रमात दालिदा आहे, आणि तिच्यापुढे वरचे सगळे सरळ वाटतात. १९३३ मध्ये कैरोत जन्म, आईवडील कालाब्रियातून आलेले इटालियन. वडील कैरोच्या ऑपेरात व्हायोलिन वाजवायचे. दुसरं महायुद्ध आलं आणि ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून त्यांना छावणीत डांबलं गेलं. म्हणजे घर कैरोत, पोटपाणी कैरोत, पण सरकारी नोंदीत इटालियन, आणि त्या नोंदीची किंमत घराने मोजली. त्याच मुलीला १९५४ मध्ये ‘मिस इजिप्त’ केलं गेलं. त्याच वर्षाअखेर ती पॅरिसला गेली, तिथे स्टार झाली, १९६१ मध्ये लग्नाने फ्रेंच नागरिक झाली. १९७७ मध्ये इजिप्शियन अरबीत गायली तेव्हा अरब जगाने ते गाणं घरचं म्हणून उचललं. इटली तिला आपली म्हणते, इजिप्तही म्हणतो, आणि पॅरिसमध्ये मोंमार्त्रला तिच्या नावाचा चौक आहे.

मी लिहिलंय ते असं: “आता ऐकू या पॅरिसमध्ये घडलेली फ्रेंच गायिका दालिदा. ती वाढली कैरोत, एका इटालियन कुटुंबात. युद्धाच्या काळात तिच्या वडिलांना इटालियन म्हणून कैद झाली. पुढे ती मिस इजिप्त झाली. आणि आता ती गाते आहे अरबीत.”

आयोजक म्हणतात लांबलं, एक वाक्य काढा. काढायचंच तर मिस इजिप्त काढेन. वडिलांचं राहणार.